यादीतलं नाव

आयोवाच्या सरकारी जत्रेत दरवर्षी खजिना खात्याचा आमचा स्टॉल असतो. कुणी न्यायला न आलेले पैसे सरकार गुंतवून ठेवतं, पण कुणी ते नेईपर्यंत मालकाचं नाव यादीतून काढत नाही. लोक हौसेनं स्वतःचं नाव शोधतात. लॉर्नाबाई मुलाचं शोधतात. डेल अकरा वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच, आणि त्याचा शेवटचा पगार आमच्याकडे पडून राहिला.

"आई आहात, तुम्हीच अर्ज करा की," मी दरवेळी म्हणायचे.

"मेल्याचा दाखला मागता ना गं तुम्ही? मग राहू दे. त्याचे तो येऊन नेईल."

यंदा यादीत डेलचं नाव नव्हतं.

"नेले! एमिल, ऐकलंस का? आपला डेल येऊन पैसे घेऊन गेला!" लॉर्नाबाई हसता हसता रडायलाच लागल्या.

माझ्या स्क्रीनवर अर्ज उघडला होता. त्याला डेलच्या मृत्यूचा सहा वर्षं जुना दाखला जोडलेला होता, आणि खाली वडिलांची सही.

बायकोच्या मागे उभ्या असलेल्या एमिलच्या दोन्ही हातांत लिंबू सरबताचे ग्लास होते, म्हणून त्यानं मला नुसत्या मानेनंच सांगितलं, नको.