दोनशे बारा पायऱ्या

बाबागाडीचं डावं चाक कुरकुरलं आणि तिची पेन्सिल थांबली. दुपारची तिची रीतच होती, टेबलाखाली पायाने गाडी हलवत राहायची आणि टेबलावर हाताने लिहीत राहायचं. सव्वातीन वर्षांची माऊ गाडीबाहेर पाय लोंबकळवून झोपली होती. सासूबाई म्हणायच्या, ही पोरगी स्वतःच्या लग्नालाही गाडीतूनच जाईल.

माऊ उठली नाही. फोन मात्र वाजला.

संपादकांनी तिच्या शहरातल्या पायी फेऱ्यांच्या पुस्तकातल्या अकराही फेऱ्या वाचल्या होत्या. रस्त्याकडेचे जुने नळ, ओतीव लोखंडाचे दिवे, हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या, सगळं झकास उतरलंय म्हणाले. मग जरा घुटमळले.

"पण बाई, तुमच्या शहराला पायऱ्याच नाहीत."

ती हसली. नकाशा उघडून बघितला, तेव्हा हसू विरलं. डोंगराच्या उतारावर दाटीवाटीने बसलेलं हे शहर. निम्म्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या, आणि जुनं जे काही उरलंय ते तिथेच. फेऱ्यांच्या वाटा दाखवणाऱ्या तिच्या लाल रेघा मात्र प्रत्येक पायरीपाशी येऊन गुपचूप वळसा घालून गेल्या होत्या. असं तिने ठरवलं नव्हतं. गाडी वळेल तिकडे पुस्तक वळलं होतं.

बारावी फेरी शहराबाहेरच्या शेवटच्या बेटाची होती. तिथे दोनशे बारा पायऱ्यांवर दीपगृह. लग्नाआधी ती तिथे कितीदा तरी गेली होती, पण संपादकांना आठवणी नको होत्या. दुरुस्तीनंतर तिथली वाट बदलली होती, त्यांना आजचं हवं होतं, आणि सोमवारपर्यंत हवं होतं. जमत नसेल तर दाढी लिहील म्हणाले. दाढी म्हणजे तिच्याबरोबरच लिहायला लागलेला एक सडाफटिंग, खांद्यावर कॅमेऱ्याखेरीज कसलंच ओझं नसलेला. मग पुस्तकावर नाव दोघांचं. तीन वर्षं दुपारी चोरून चोरून लिहिलेलं पुस्तक, आणि त्यात दाढीचा वाटा.

"मी जाते," ती म्हणाली.

रविवारी नवऱ्याला ऐन वेळी कामावर बोलावलं. सासूबाईंची कंबर धरली होती. पडल्या पडल्या बघेन म्हणाल्या, पण पडलेलं माणूस दिसलं की माऊ त्याच्या पोटावर घोडा घोडा करते. शेवटी गाडी, टोपी, पाण्याची बाटली आणि माऊ, असा सगळा लवाजमा बोटीवर चढला.

बेटावर बोट पाऊण तास थांबणार होती. दिवसातली तीच शेवटची. पहिली पंचवीस मिनिटं कुठे गेली ते कळलंच नाही. माऊला शू लागली. टोपी उडाली, ती शोधली. मग एक गोगलगाय भिंत ओलांडत होती, ती पलीकडे पोचल्याशिवाय माऊ हलेना. निळ्या दारांच्या कोळ्यांच्या गल्लीतून गाडी खडखडत ढकलताना तिने दातओठ खाल्ले. ही गल्ली दाढीने निवांत पाहिली असती. प्रत्येक दाराचा फोटो काढला असता, वर चहा प्यायला असता.

पायऱ्यांच्या तळाशी तिकिटाची खिडकी होती. आतल्या मावशींनी मान बाहेर काढली.

"ओळखलं मी तुम्हाला. ठेवा तिला माझ्यापाशी. या जाऊन."

तिने घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं. ती माऊसमोर उकिडवी बसली, म्हणाली, इथेच बसायचं, उठायचं नाही, आई आलीच. माऊने मान हलवली. ती पायऱ्यांकडे सुटलीच.

पहिल्या पन्नास पायऱ्या तिने वाऱ्यासारख्या काढल्या. हात रिकामे होते, खांदे हलके होते. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्याही चालीने चालत नव्हती. सत्तराव्या पायरीला छाती भरून आली, तरी थांबली नाही. एकशे चार पायऱ्यांवर नवा कठडा लागला. तो टिपून घ्यायला वही काढली, आणि सवयीने खाली नजर गेली.

माऊ रडत नव्हती. रडत असती तर ती पुढे गेली असती, माऊचं रडणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण माऊ सांगितलं होतं तशी बसली होती. ताठ. दोन्ही हात गुडघ्यांवर. टोपी मागे सरकली तरी सावरली नव्हती. हललं तर आई यायची नाही, अशा समजुतीने ती वर बघत होती.

वर दीपगृहाचं टोक दिसत होतं. एकशे आठ पायऱ्या राहिल्या होत्या. वेळही होता.

ती वळली. उतरताना तिला सगळ्यांचा राग आला. नवऱ्याचा आला, सासूबाईंच्या कंबरेचा आला, त्या गोगलगायीचा आला, आणि सगळ्यात जास्त आपल्याच पायांचा, जे न विचारता खाली चालले होते.

"हे काय, इतक्यात?" मावशी खिडकीतून म्हणाल्या. मग माऊकडे वळून म्हणाल्या, "अगं, तुझी आई म्हणजे वारं होती. एका दमात वर. तिथून मला हात करायची."

बोटीचा पहिला भोंगा वाजला. तिने माऊची टोपी सरळ केली, गाडीचा ब्रेक काढला. चाक कुरकुरलं. गाडी जेटीकडे निघाली. माऊने मान वळवून पायऱ्यांकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, तेव्हा तू मला कुठे ठेवून जायचीस?"