चार मात्रांची उडी

तिसरा दावेदार रविवारी सकाळी दहालाच जळोचीत मखऱ्यांच्या घरी हजर झाला. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला पांढरा पटका. वहाणा दाराबाहेर काढून आत आला आणि खुर्ची दाखवली तरी खाली सतरंजीवरच बसला.

"मी गेणू कोकरे, शेळगावचा. ती फोटूतली तबकडी माजी हाय."

बुद्धघोष मखऱ्यांनी नुसती मान डोलावली. आधीचे दोघंही नेमकं असंच म्हणाले होते.

मखरे विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. जॅझचं वेड तरुणपणापासूनचं, त्याला वेळ मात्र आत्ता मिळाला होता. कपाटात दीडशे रेकॉर्डी होत्या, पण सोबत ऐकायला कुणी नव्हतं. शेजाऱ्यांना ते सगळं बँडवाल्यांचं भांडण वाटायचं. बायको करुणा ऐकायची, पण भाजी निवडता निवडता. मधेच हात धरून "अरे, काय केलं हे यानं!" असं म्हणायला एक माणूस लागतो. बारामती ते इंदापूर, असा माणूस त्यांना भेटलेला नव्हता. त्याचं त्यांना फार वाईट वाटे.

गेल्या पावसाळ्यात इंदापूरच्या एका भंगारवाल्याकडं चिखलानं माखलेली एक रेकॉर्ड मिळाली. घरी आणल्यावर चिखल निघाला आणि आतून अमेरिकेतल्या ट्रम्पेटवाल्याचं नाव वर आलं. मखरे हरखून गेले. म्हणजे या भागात आपल्याआधी कुणीतरी हे ऐकत होतं!

रेकॉर्ड छान वाजायची. फक्त एका जागी, ट्रम्पेट वर चढत असताना, सुई चऱ्यावरून उडी मारायची आणि चार मात्रा गायब व्हायच्या. मखऱ्यांना ती उडीही आवडायला लागली.

"किती वर्षं ऐकली असंल त्यानं, चरा पडेपर्यंत," ते म्हणायचे.

"तुम्ही कशाला त्या चऱ्याच्या मागं लागलाय," असं म्हणून करुणाबाई चहा टाकायला उठायच्या.

शेवटी मखऱ्यांनी व्हॉट्सॲपवर रेकॉर्डचा फोटो टाकून खाली लिहिलं: ज्याची असेल त्यानं घेऊन जावी, फक्त रविवारी माझ्यासोबत बसून ऐकावी. असल्या जुन्या मालाला पुण्यात भाव येतो, हे लोकांना कुठून कळलं कोण जाणे. डाळजचा एक आणि भिगवणचा एक लगेच येऊन गेले.

पण मखऱ्यांनी उभी हयात मीटरमधली लबाडी पकडण्यात घालवली होती. त्यांनी आधीच पुण्याहून त्याच रेकॉर्डची दुसरी, बिनचऱ्याची प्रत मागवून ठेवली होती. हिशेब साधा होता. वर्षानुवर्षं उडीसकट ऐकलेल्या माणसाची ताल धरणारी बोटं नेमकी त्या जागी चुकणार. त्यांची स्वतःची चुकत होती. ही युक्ती त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. करुणाच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

"तुमच्याकडं कशी आली, तात्या?" मखऱ्यांनी विचारलं.

"जवानीत पुण्याला क्यांपात हाटेलात कामाला हुतो. तितला एक बाजावाला गाव सोडून निघाला, तवा मला देऊन गेला. आमी मेंढरंवाली मानसं, आमाला काय कळतंय? पर माज्या कारभारनीला, भागूला, लई आवडायची. दिवस मावळायच्या आत लाव म्हनायची." ते थांबले. "भागू ग्येली. पोरानं नवं घर बांधलं आन जुनं समदं भंगारात घातलं. मला इचारलं बी न्हाय."

मखऱ्यांनी तात्यांकडं पाठ करून नवी प्रत लावली.

पहिल्या सुरालाच गेणू तात्यांनी डोळे मिटले. गुडघ्यावर बोटं चालू लागली. डाळजवाल्याची बोटं पहिल्याच फेरीत वाट चुकली होती. ही बोटं अचूक पडत होती.

"आता बगा," ते डोळे न उघडताच म्हणाले, "खाली यील, पर मनात न्हाय त्याच्या."

ट्रम्पेट खरंच नाइलाजानं खाली आलं. मखऱ्यांच्या अंगावर काटा आला. हाच असू दे, असं त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

ती जागा आली. ट्रम्पेट चढू लागलं. मखऱ्यांची बोटं चार मात्रा पुढं धावली. तात्यांची बोटं मात्र सरळ चालत राहिली, एकही मात्रा न गाळता.

मखऱ्यांचं मन खट्टू झालं. आजकाल सगळंच मोबाइलवर मिळतं. म्हातारा तयारी करून आला होता.

"तात्या, ही तुमची नाही," ते सुई उचलत म्हणाले.

"न्हाय?" गेणू तात्या त्यांच्याकडं बघत राहिले. "माजीच हाय की वो."

"नाही. मला कळतं."

तात्यांनी वाद घातला नाही. पटका सारखा केला, सतरंजीवर हात टेकून उठले. दारात थांबून म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पर दुसऱ्या अंगाचं एक गानं तिवढं ऐकवता का? भागूचं."

"गाडी चुकंल तुमची," मखरे म्हणाले.

"व्हय, ते बी हाय," म्हणून ते गेले.

करुणाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "गेले? अहो, किती जीव लावून ऐकत होते. मला वाटलं, मिळाला तुम्हाला तुमचा माणूस."

"मलाही वाटलं होतं," मखरे म्हणाले, आणि आता लपवायचं कारण उरलं नव्हतं म्हणून त्यांनी तिला दुसरी प्रत दाखवली, चऱ्याची सगळी युक्ती सांगितली.

करुणाबाईंनी कप खाली ठेवले.

"अहो, तुम्ही आणलीत तेव्हा तिच्यावर चरा नव्हता. तुम्ही अंघोळीला गेलात आणि चिखल निघंना, म्हणून मी तारेची घासणी फिरवली, एकदाच."