काय शिकवलं, त्याचं पत्र

ज्ञानदेव चाकणच्या एका कंपनीत शिकाऊ मुलामुलींचे ट्रेनिंग ऑफिसर होते. उमेदवारीची तीन वर्षं संपत आलेली दीक्षा त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, स्टायपेंडमधून कापलेला टॅक्स परत मागायचाय. चिंचवडला रिटर्न भरून देणारे काका म्हणाले, पैसे शिकण्यासाठी मिळाले असतील तर टॅक्स नाही, कामाचे असतील तर लागतो. काय काय शिकवलं, त्याचं कंपनीचं पत्र हवंय."

"एवढंच ना? बस."

ज्ञानदेवांनी रजिस्टर ओढलं. दर शनिवारच्या तासाची नोंद त्यांच्याच वळणदार अक्षरात होती. तपासणी आली की ते एका बैठकीत वर्षभराचं भरून टाकायचे. कोऱ्या पानांवर मुलांच्या सह्या आधीच घेतलेल्या असायच्या. शनिवारीही मुलं गाड्या जोडायच्या लाइनवरच उभी असायची.

त्यातलंच त्यांनी पत्रात उतरवलं: ड्रॉइंग वाचणं, वेल्डिंग, मोजमाप. मग तिची हजेरी पाहिली आणि कौतुकाने एक ओळ वाढवली, 'तीन वर्षांत एकही रजा नाही.'

दीक्षाने पत्र दोनदा वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"सर, मला डाव्या दरवाजाचे चार बोल्ट बसवता येतात. बाकी यातलं काहीच येत नाही."

ज्ञानदेवांना मान वर करवेना. पेनाचं टोपण ते उगाच लावत-काढत राहिले.

शेवटी तीच ओशाळून म्हणाली, "ती रजेची ओळ तेवढी खोडा, सर. हे सगळं शिकवलंत तेव्हा मी आले नसेन."