इंग्रजीतला कौल

मास्तरांनी घरचा अभ्यास दिला होता. समोरच्या माणसाकडे बघायचं आणि तो कसा दिसतो, त्याचं पुढे काय होईल, ते इंग्रजीत सांगायचं. पद्मजेला समोर सापडली ती उत्रोलीहून भोरात दही घालायला येणारी बनाबाई. "बाई थकलेली दिसते. बाई एक दिवस पायरीवरून पडेल," असं पद्मजेने खडाखडा इंग्रजीत म्हटलं आणि धाकटी नलू फिदीफिदी हसली.

"माजंच कायतरी म्हनलात न्हवं, ताई?" बनाबाईने विचारलं.

पद्मजा ओशाळली. लढाईवर गेलेल्या तिच्या मुलाचं, ज्ञानूचं, दोन वर्षांत पत्र नाही, हे तिला ठाऊक होतं. सुचलं ते बोलून गेली, "तुमचा चेहरा उजळ दिसतो, तुमचा ज्ञानू परत येईल, असं म्हटलं."

बनाबाईने दह्याचं मडकं खाली ठेवून हात जोडले.

आठ दिवसांनी ती आली ती सुनेला घेऊनच. सून पद्मजेच्याच वयाची होती.

"दुसरं घर बघून हिचा किकवीत पाट लावायचं ठरलं व्हतं," पायरीवर टेकत बनाबाई म्हणाली. "काल पावनं आलं, त्यास्नी माघारी लावलं. म्हनलं, सायबाच्या भाषेत आलंय, खोटं व्हनार न्हाई."

खरं काय ते सांगायला पद्मजेने तोंड उघडलं.

तेवढ्यात सून दोन पावलं पुढे आली. "ताई," ती हळूच म्हणाली, "आता माज्याकडं बघून सांगा."