मागच्या भिंतीपासून

किल्ल्याचा दरवाजा सताड उघडा होता आणि मिस्त्रींचा सेनापती त्याच्यापासून दोन घरांवर घोड्यावर बसून होता. किल्ला घ्यायचा तर सेनापतीनेच आत शिरायचं आणि पुढच्या चालीला मधलं घर गाठायचं, हा खेळाचा नियम. दोनदा बोट टेकवलं की संपलं.

मिस्त्रींनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. गुडघ्यांखाली उशी घेऊन ते पलंगावर बसले होते. पस्तीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवून दोन्ही गुडघे कामातून गेले होते. फोनवरचा हा जुन्या लढायांचा खेळ मात्र त्यांना झक्क जमायचा. एक चाल आपली, एक समोरच्याची, घाई कोणालाच नाही. गल्लीत आणि कामावर आजवर कोणी त्यांना हरवलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरूही देत नसत.

म्हणूनच लेकीने लग्नाचा विषय काढला तेव्हा त्यांनी अट घातली. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला होता. सरळ होता, जरा जास्तच सरळ. "तीन डावांत एकदा मला हरवून दाखव, मग बोलू," असं मिस्त्रींनी त्याला तोंडावर सांगितलं. बायकोने कपाळावर हात मारला, पण मिस्त्री हटले नाहीत. माणूस कसा आहे ते तो कोंडीत सापडल्यावर कळतं असं त्यांचं मत होतं, आणि एकुलती एक लेक ते कुठल्या बावळटाच्या गळ्यात बांधणार नव्हते.

पहिला डाव औषधवाल्याने बाराव्या चालीला घालवला, दुसरा आठव्याच चालीला. सेनापतीलाच पुढे काढून तोफेच्या तोंडी दिलं. हसावं की रडावं, मिस्त्रींना कळेना. तिसऱ्या डावात मात्र पोरगं पार बदललं. त्याने धान्याच्या गाड्या आधी मागे घेतल्या, नदीवरचा पूल तोडला, मिस्त्रींचे दोन तिरंदाज तर हातोहात उचलले. तीन दिवस मिस्त्रींना जेवण गोड लागत होतं. आणि आज ऐन वेळी, किल्ला ताब्यात आल्यावर, त्याने पहारेकरी उभे केले ते मागच्या भिंतीपासून. एकेक करत पुढे, दरवाजा सगळ्यात शेवटी.

कोणीही शहाणा माणूस आधी दरवाजा धरतो.

मिस्त्रींचा अंगठा हवेत तसाच राहिला. मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि दाराकडे सरकत यायचं, ही फरशी बसवणाऱ्याची रीत. नाहीतर माणूस आपल्याच ओल्या कामात अडकून बसतो. ते स्वतः खेळातही असाच पहारा लावत आणि दोस्तांची बोलणी खात. हा हात औषधं विकणाऱ्याचा नव्हता. हा हात शाळेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर येऊन, फरश्यांच्या फटी भरून तयार झाला होता.

"इकडे ये गं जरा," त्यांनी हाक मारली.

लेक आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ती दारात आली.

"हा डाव तू खेळतेयस."

"हो." ती बावरली नाही की लाजली नाही. "त्याचं खातं माझ्या फोनवर आहे. पहिले दोन डाव तोच खेळला. हाही खेळणार होता, मीच खेळू दिला नाही."

"अट त्याला होती."

"लग्न मला करायचंय ना, बाबा? मग मी नको का लढायला?"

मिस्त्रींना राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते फोनमध्येच बघत राहिले. उघडा दरवाजा, मधे दोन घरं. आता जिंकावं तर लेकीचं मन मोडणार. त्यांनी अंगठा मागे घेतला.

"मुद्दाम हरायचं नाही हं," ती म्हणाली. "दया म्हणून दिलेला होकार मला नकोय."

"तुझा बाप तसला वाटला तुला?" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी सेनापती दरवाज्यातून थेट आत घातला.

लेकीने खिशातून फोन काढला, एक चाल केली आणि फोन परत खिशात टाकला.

मिस्त्रींच्या हातातला फोन थरथरला. किल्ल्याचा दरवाजा त्यांच्या सेनापतीच्या मागे बंद झाला होता. आत तिन्ही भिंतींना तिची माणसं खेटून उभी होती. हलायला एक घर मोकळं नव्हतं.

"ओल्या फरशीवर पाय टाकलात," लेक म्हणाली.

"मी ओळखणार, हे ठाऊक होतं तुला?"

"ओळखाल, आणि पोर सवयीने चुकली असं समजून आत शिराल, हेही."

मिस्त्री आधी खाकरले, मग पलंग हलेपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, "लाव त्याला फोन."

दुकानात गर्दी होती. पलीकडे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"हरलो रे मी," मिस्त्रींनी सांगितलं.

त्याने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग तो म्हणाला, "काका, खरं सांगू का? हा डाव मी खेळलेलो नाही. तुम्ही तो धरू नका. मी पुन्हा खेळतो. हरेन, पण खेळतो."

"काही खेळू नकोस," मिस्त्री म्हणाले. "इतके दिवस मला हिची काळजी होती. आता तुझी वाटायला लागलीय. रविवारी घरी ये."