पांढरी चारचा नातू

बाळ जन्माला येऊन दोन तास झाले नव्हते, तोच लेडफर्ड मंडळींनी त्याला गवई ठरवून टाकलं. कपड्यात घट्ट गुंडाळलेलं ते गाठोडं आजोबा व्हर्जिलच्या हातात होतं आणि दर श्वासाला त्यातून आवाज येत होता. हं... हं... हं...

"गातोय!" व्हर्जिल म्हणाला. चर्चमध्ये सूर द्यायची गोल पिपाणी त्याने खिशातून काढली, एकेक भोक फुंकून पाहिलं आणि पाचव्या-सहाव्या फुंकीला त्याचा चेहरा उजळला. "पांढरी चार! अरे, दोन तासांचं पोर पांढरी चारचा सूर धरून बसलंय!"

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. लेडफर्डांच्या मुलाचा गळा दिसतो, एवढाच काय तो फरक. केंटकीच्या त्या डोंगराळ मुलखात तीन पिढ्या चर्चमध्ये चार आवाजांत गाणारं हे घराणं. त्यांच्याकडे मूल रडलं तर आधी कुठल्या पट्टीत रडतंय ते बघायचे, मग का रडतंय ते.

आजी ओपलने लगेच वरच्या सुरात साथ धरली. बाळाचा बाप ड्वाइट, तिशी उलटलेला घोडा, मोबाइल रोखून उभा होता.

"डॅडी, पिपाणी जरा त्याच्याजवळ धरा. चर्चच्या ग्रुपवर टाकतो."

पलंगावर बाळाची आई होती, केंड्रा. सिझेरियन झालेलं, कमरेखालचं अंग अजून बधिर. तिला सुरातलं काही कळत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण ते व्हर्जिलनेच सांगितलं होतं. चार वर्षं ती दर रविवारी सासरच्यांबरोबर चर्चमध्ये उभी राहायची आणि दर रविवारी सासरा तिच्या कानाशी लागायचा, "पोरी, तू नुसते ओठ हलव."

तिला पांढरी चार ऐकू येत नव्हती. तिला एवढंच ऐकू येत होतं, की आवाज दर वेळी श्वास सोडतानाच येतोय आणि थांबायचं नाव घेत नाही. पाठीवर पोतं घेऊन जिना चढणारा माणूस कण्हतो, तसा.

"त्याला इकडे द्या," ती म्हणाली.

"थांब गं, आत्ता कुठे सूर लागलाय."

"त्याच्या नाकपुड्या बघा. फुगताहेत."

"फुगणारच! दमसास आहे पोराला. माझ्याही फुगतात."

"तो कपडा सोडा. मला त्याची छाती बघायचीय."

"अन् गारठला म्हणजे?" ओपलने गाणं मध्येच थांबवलं. "तुला गाण्यातलं कळत नाही, त्यात तुझा दोष नाही हो. देव तुझं भलं करो." त्या मुलखात बायका शिवी द्यायची असली की एवढंच म्हणतात.

केंड्राने उशाचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी येईना. तेव्हा ती ओरडली. घशाच्या तळापासून, कर्कश, पार बेसूर. ओपलने कानांवर हात ठेवले.

टॅमी नावाची नर्स धावत आली. तिने एकदाच ऐकलं आणि व्हर्जिलच्या हातातून बाळ काढून घेतलं, न विचारता. पलंगावर ठेवून कपडा सोडला. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. छातीच्या मधोमध खळगा पडत होता. ओठ निळसर झाले होते. भिंतीवरचं लाल बटण दाबून तिने बाळाच्या तोंडावर ऑक्सिजन धरला आणि घड्याळाकडे बघत श्वास मोजले.

"मिनिटाला ऐंशी. साठाच्या आत हवेत," ती म्हणाली. "कधीपासून कण्हतंय हे?"

"कण्हत नाहीये, बाई, गात—"

"मी विचारलं, कधीपासून?"

ड्वाइटने मोबाइल पाहिला. "पहिला व्हिडिओ... चाळीस मिनिटांपूर्वीचा आहे."

बापाला वेळ अगदी अचूक सांगता आली.

"फुफ्फुसांत पाणी राहिलंय बहुतेक," टॅमी बाळाला उचलत म्हणाली. "ती मिटू नयेत म्हणून बिचारं गळा आवळून हवा धरून ठेवतंय. अन् तुम्ही त्याला साथ देताय!"

संध्याकाळी चाकांच्या खुर्चीतून केंड्राला नवजात बाळांच्या खोलीबाहेर आणलं. सासरची मंडळी काचेला नाक लावून आधीच उभी होती. आत बाळाच्या नाकाला दोन आखूड नळ्या होत्या, त्यांतून यंत्र हलक्या दाबाने हवा देत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर पोर दमलं असतं आणि श्वास घ्यायचंच सोडून दिलं असतं, असं डॉक्टर सांगून गेले होते. आता छाती सावकाश वरखाली होत होती. तोंडातून आवाज नव्हता.

"गप्पच झाला की," व्हर्जिल म्हणाला. "त्या नळ्यांनी सूर गेला का काय त्याचा?"

डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यातलं या माणसाच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नव्हतं. केंड्राला त्याची किळस आली.

"आता त्याला कण्हावं लागत नाही," ती म्हणाली.

"एक भजन म्हणू या का त्याच्यासाठी?" ओपलने विचारलं. "त्याचं त्यालाच आठवेल."

व्हर्जिलचा हात खिशाकडे गेलाच. पिपाणी तोंडाशी आली, तशी केंड्राने खुर्चीतूनच त्याची बाही धरली.

"म्हणा ना, जरूर म्हणा," ती म्हणाली. "पण नुसते ओठ हलवा."

व्हर्जिलने ड्वाइटकडे पाहिलं. ड्वाइटने जमिनीकडे पाहिलं. मग पिपाणी खिशात गेली, आणि काचेसमोर लेडफर्ड घराण्याचे तिघे ओठ हलवत उभे राहिले.

चार वर्षांत पहिल्यांदाच केंड्राने त्यांचं भजन शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.