रोद्याच्या छातीचा एक्स-रे

झिनाच्या मावशीने गाण्याची तबकडी खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा रोद्याने आणखी एक बिस्किट उचललं. आपण निवांत आहोत असं दिसावं म्हणून.

टँगो नुकताच वाजून संपला होता, एकदाही न खरखरता. झिना लाजून चहातला जाम ढवळत होती. तबकडी देताना रोद्या म्हणाला होता, की ही माझ्याच छातीच्या एक्स-रेवर कोरलीय, भोकाशेजारचं पांढरं दिसतंय ते माझं हृदय, आता ते तुझ्याकडे. हे वाक्य त्याने आठवडाभर आरशासमोर घोटलं होतं. झिनाला वाढवलं मावशीने, तेव्हा मागणी मावशीसमोरच घालायची होती. आणि मावशीला हा चोरून गाणी विकणारा पोरगा दारातही नको होता.

दवाखान्याने टाकलेल्या एक्स-रेवर दुकानात न मिळणारी गाणी कोरायची, हा रोद्याचा धंदा. लेनिनग्राडात कोरणारे बरेच होते, पण फिल्म पारखावी ती रोद्यानेच, असं निदान रोद्याचं मत होतं. कवट्या तो घेत नसे, गुडघ्यांना तर हातही लावत नसे. त्याला छाती लागे, तीही जाड फिल्मवरची. टिचकी मारायची, गालावर घासायची, मग ठरवायचं.

स्वतःच्या छातीचा एक्स-रे त्याच्याकडे खरोखरच होता. पण ती फिल्म निघाली पातळ, वर कडेला मुडपलेली. त्याने कोरून पाहिली, तर सुई तीनदा उडाली. असला माल गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता, आणि ही तर झिना. त्याने ढिगातून दुसरी छाती निवडली. तशी फिल्म वर्षातून एखादीच हाती लागते. कोपऱ्यातलं नाव कात्रीने गेलं. आतून कोण कुणाला ओळखतंय, असा त्याने विचार केला.

मावशीने चष्मा बदलला. तबकडी जराशी फिरवली, मग स्वतःचा डावा खांदा चाचपला.

"रोदिओन, जर्मनांच्या वेढ्याच्या हिवाळ्यात लाकडं फोडताना माझं हे हाड मोडलं. असं वाकडं जुळलं, की डॉक्टर अजून शिकाऊ पोरांना बोलावून दाखवतात. हे बघ इथे." तिने तबकडी खाली ठेवली. "माझं हृदय तू माझ्याच भाचीला दिलंस."

उरलेलं बिस्किट बशीत परत गेलं. रोद्याने सगळं कबूल केलं: पातळ फिल्म, मुडपलेली कड, तीनदा उडणारी सुई. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की मागणी घालायला आलेला माणूस मालाची प्रत समजावून देतोय. एवढा शहाणा गाढव अख्ख्या शहरात दुसरा नसेल. झिना उठली. ती दार उघडायला चाललीय असं वाटून त्याने टोपी घेतली.

"तुझ्या छातीची तबकडी घेऊन ये," ती म्हणाली. "खरखरली तरी मला तीच हवी."

तासाभरात तो धापा टाकत परत आला. सुई तीनदा उडाली, चौथ्यांदा अडकली ती अडकलीच. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत राहिला. रोद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण झिना काही सुई उचलेना. ती हनुवटीला हात लावून ऐकतच बसली.

मावशीने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग रोद्याच्या कपात चहा ओतला.

"पोरगा हाच असू दे," ती म्हणाली. "लग्नात नाचायला मात्र माझी लावा."